जेवल्याशिवाय बॅरिस्टर नाही!

बालदोस्तांनो, आज एक सोपा प्रश्न. लंडनला जाऊन बॅरिस्टर व्हायचं, तर काय करावं लागतं?

"खूप खूप अभ्यास!" असंच म्हणाल ना? बरोबर आहे, पण अर्धंच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नुसत्या अभ्यासाने भागत नसे. बॅरिस्टर व्हायला चक्क जेवावं लागे! थट्टा नाही, बरं का. लंडनमध्ये वकिलांच्या चार फार जुन्या संस्था आहेत. त्यांना 'इन' म्हणतात. त्यांतल्या एकीत नाव घालायचं, आणि दर सत्रात संस्थेच्या मोठ्या दालनात ज्या पंगती होत, त्यांना हजेरी लावायची. सत्रात साधारण चोवीस पंगती. त्यांतल्या निदान सहा तरी चुकवायच्या नाहीत. अशी बारा सत्रं. करा बरं पाढा. बारा सक बहात्तर! तितकी जेवणं झाल्याशिवाय परीक्षेत कितीही गुण मिळाले, तरी बॅरिस्टर नाही.

गंमत म्हणजे ताटातलं खाल्लंच पाहिजे, असं नव्हतं. वेळेवर येऊन शेवटपर्यंत बसलं की झालं. जेवणाचे पैसे मात्र प्रत्येकाला मोजावे लागत.

या पंगतींत एक आपल्या ओळखीचा मुलगा बसलेला असे. मोहनदास गांधी! हेच गांधीजी पुढे १९३६ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला आले होते. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पण मी सांगते आहे ती गोष्ट १८८८ सालची. मोहनदास तेव्हा एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता. मांस खाणार नाही, दारू पिणार नाही, असा शब्द आईला देऊन तो बोटीत चढला. बोटीवर काट्या-चमच्याने जेवता येईना, आणि कशात मांस आहे हे विचारायचीही लाज वाटे. म्हणून घरून आणलेली मिठाई आणि फळं यांवरच त्याने बराचसा प्रवास काढला.

लंडनमध्ये हाल सुरूच राहिले. सकाळी ओटची लापशी मिळे, तिने पोट भरे. पण दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे संपले की आणखी मागायला जीभ रेटत नसे. तुमच्यापैकी कितीजणांना पाहुण्यांच्या घरी "अजून एक पोळी वाढा" म्हणता येतं? नाही ना? मग समजेल तुम्हाला! हा मुलगा शाकाहारी खानावळ शोधत रोज दहा-बारा मैल लंडन पालथं घालत असे. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सापडली, आणि विलायतेत पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवण झालं. हे सगळं त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवलंय.

आता पुन्हा पंगतीत येऊ. चौघांचं एक टेबल असे आणि चौघांत दारूच्या दोन बाटल्या. मोहनदास तर थेंबही घेत नसे. म्हणजे दोन बाटल्या तिघांतच! त्यामुळे "तू आमच्या टेबलावर बस" म्हणून त्याला बोलावण्यांवर बोलावणी! स्वतः तो पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी एवढंच खाई. मग त्याच्या लक्षात आलं, की वरच्या टेबलावर बड्या मंडळींना वेगळ्या चांगल्या भाज्या वाढतात. त्याने आणि एका पारशी विद्यार्थ्याने चक्क अर्ज केला, की आम्हांलाही त्या मिळाव्यात. अर्ज मंजूर झाला! आत्मकथेतली ही जागा मला फार आवडते. आणखी एक पाव मागायला लाजणारा मुलगा अर्ज करायला शिकला, तो असा.

शिकत असतानाच तो एकदा पॅरिसला गेला. आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला होता, तेव्हा तो अगदी नवा होता. वर उपाहारगृह. इतक्या उंचावर जेवलो असं सांगता यावं म्हणून गांधीजींनी तिथे सात शिलिंग घालवले, आणि ते पैसे उधळलेच, असं पुढे लिहिलं. काटकसरीच्या दिवसांत ते एक शिलिंग तीन पेन्सांत अख्खा दिवस काढत. एका शिलिंगचे बारा पेन्स. मग त्या एका जेवणाच्या पैशांत किती दिवसांचं जेवण आलं असतं? गणित वहीत करा. मी नाही सांगणार.

आता दुसरा विद्यार्थी. त्याच्यासाठीच मी आज लिहायला बसले आहे.

१९२० सालच्या जुलैत मुंबईहून एक प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी व्हायला लंडनला निघाला. वय एकोणतीस. नाव भीमराव रामजी आंबेडकर. ही त्याची लंडनची दुसरी खेप. पहिल्या खेपेला बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावं लागलं होतं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पै पै साठवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत दिली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. या पैशांत फी भागवायची, पुस्तकं घ्यायची, खोलीचं भाडं द्यायचं, आणि उरलेल्यात जेवायचं. सगळ्यात शेवटी काय आलं, पाहिलंत? जेवण!

सकाळी न्याहारीला घरमालकीण चहा देई, पावाचा एक तुकडा, त्यावर मुरंब्याचा पातळ थर आणि माशाचा लहानसा तुकडा. तेवढं खाऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे. बसचे पैसे वाचवायला पायी. सकाळी आत गेले की संध्याकाळी बंद व्हायच्या वेळीच बाहेर. मधलं दुपारचं जेवण? ते नाहीच. त्याला वेळ लागतो आणि पैसेही लागतात. संध्याकाळी बिस्किटं आणि बोव्हरिल. बोव्हरिल म्हणजे मांसाचा काळपट दाट अर्क. तो चमचाभर गरम पाण्यात ढवळून पितात. पुन्हा अभ्यास.

रात्री दहाच्या सुमाराला भूक असह्य होई. थंडीत भूक आणखी खवळते, हे आपल्याला डिसेंबरातही कळतं, मग लंडनचं काय सांगावं! अशा वेळी उपयोगाला आले ते पापड. मुंबईकडच्या एका ओळखीच्या गृहस्थाने त्यांना पापडांचं एक पुडकं दिलं होतं. त्यातले चार पापड काढायचे, पत्र्याच्या ताटलीवर भाजायचे, आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मग पुन्हा पुस्तक उघडायचं, ते पहाट होईपर्यंत. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा होऊन म्हणे, आता झोपा हो! धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात हे सगळं सविस्तर आहे. आठवी-नववीतल्या मुलांनी ते जरूर वाचावं.

चार पापड! आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात पापडांनी खाट भरते. तुम्ही येता-जाता ओल्या पापडाची लाटी पळवता आणि आईचा धपाटा खाता. जेवताना तर पापड पानाच्या डाव्या बाजूला. जेवण असलं, तरच पापड. नुसत्या पापडावर कुणी रात्र काढतं का?

आणि तिकडे मुंबईत रमाबाई लहानग्या यशवंतला घेऊन फार ओढगस्तीत संसार रेटत होत्या. लंडनच्या खोलीतल्या माणसाला ते माहीत होतं. त्यामुळे हातातला प्रत्येक शिलिंग खर्च करताना काय वाटत असेल, याचा तुम्ही विचार करा. आपल्या वर्गातही कुणाचे वडील सुरतला कामाला असतात, कुणाची आई कापूस वेचायला जाते आणि त्या पैशांतून वह्या येतात. त्या मुलांना हे जास्त नीट समजेल.

आता गंमत पाहा. उपाशी राहून हे विद्वान अभ्यास कशाचा करत होते? पैशाचाच! रुपयाची किंमत कशाला बांधायची, सोन्याला की चांदीला, आणि ती घसरली की सामान्य माणसाच्या ताटातलं काय कमी होतं, या विषयावरचा त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्येच छापला गेला. दरम्यान १९२२ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं होतं. तेव्हा जर्मनीत पैशाचं जे चाललं होतं, ते जगाने पाहिलं नव्हतं. १९२२ संपताना बर्लिनमध्ये एका पावाला सुमारे १६० मार्क पडत. मार्क म्हणजे त्यांचा रुपया. त्याच पावाची किंमत १९२३ च्या नोव्हेंबरात किती झाली असेल? हजार? लाख? तब्बल वीस हजार कोटी मार्क! वीस हजार कोटी हा आकडा पाटीवर लिहून पाहा. किती शून्यं आली? सरकारने हव्या तितक्या नोटा छापल्या, की नोटेची अशी रद्दी होते. लोक पगार झाला की पळत जाऊन पाव घेत, कारण संध्याकाळपर्यंत भाव वाढलेला असे.

बॅरिस्टरीसाठी त्यांचं नाव होतं 'ग्रेज इन' या संस्थेत. पंगतींचा नियम तिथेही होताच. म्हणजे एकीकडे खोलीत पापड, आणि दुसरीकडे झुंबराखालची हजेरीची पंगत! लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे. कधी गेलात तर वरच्या मजल्यावर उभं राहून पापड आठवा.

त्यांच्याही आधी, १८८३ साली, पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या. त्या शाकाहारी. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत. त्यावरून त्यांच्या मठातल्या भगिनींशी वादही झाले. आपल्या घासावर दुसऱ्याने हुकूम चालवावा, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्यावर वेगळा लेखच लिहायला हवा.

आता आजकाल काय होतं ते ऐका. आमच्या एरंडोलचा एक मुलगा जर्मनीत शिकतोय. त्याचं नाव सांगणार नाही. त्याला ते आवडणार नाही. चौथीला माझ्याच वर्गात होता आणि डब्यातली मेथी शेजाऱ्याला द्यायचा. तो आखेन नावाच्या शहरात आहे. नकाशा उघडा. बेल्जियम आणि नेदरलँड्स दोन्ही देश अगदी लागून. आपण जळगावहून बऱ्हाणपूरला जाऊन येतो, तसा तो सकाळी निघून परदेशात जाऊन संध्याकाळी परत येतो. युरोपातल्या एकोणतीस देशांनी एकमेकांच्या सीमेवरची तपासणी काढून टाकली आहे, म्हणून हे जमतं. त्याची आजी मात्र तो निघाला तेव्हा एकच विचारत होती, "तठे काय खाई मना पोऱ्या?"

तर आजीबाई, तो काय खातो ते सांगते. दुपारी जेवतो 'मेन्सा'त. मेन्सा हा लॅटिन शब्द, अर्थ टेबल. विद्यापीठातल्या मुलांसाठी स्वस्तात चालवलेली ही खानावळ. दोन-चार युरोत ताट मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी मांसाशिवायचा एक पदार्थ असतोच. भीमरावांच्या वेळी असलं काही असतं, तर! रविवारी मात्र तिथली दुकानं बंद. पहिल्या रविवारी या पठ्ठ्याला हे ठाऊकच नव्हतं. डब्यातल्या शेवेवर दिवस काढला. आता तो शनिवारीच पिशवी भरून आणतो. आणि रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या जपून ठेवतो. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली, की पंचवीस सेंट परत मिळतात. चार बाटल्यांचा एक युरो झाला!

कोलोनला गेला तेव्हा फजिती झाली. जेवणाच्या यादीत 'हाल्वर हान' असं लिहिलेलं. त्याला येत असलेल्या जर्मनप्रमाणे अर्थ 'अर्धा कोंबडा'. हा शाकाहारी. घाबरून पाणी पीत बसला. शेजारच्या जर्मन मित्राने तेच मागवलं, तर आलं काय? राय नावाच्या धान्याचा पाव, लोणी, चीजचा जाड काप, मोहरीची चटणी! नावात कोंबडा, ताटात नाही. आपल्याकडे नाही का, शेवभाजीच्या दुकानात 'फौजदारी डाळ' मागितली म्हणून कुणी पोलीस येत नाही!

पण उलटंही होतं, म्हणून सावध. बेल्जियममधले बटाट्याचे तळलेले काप जगात नावाजलेले. दोनदा तळतात, म्हणून बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ. पण पारंपरिक पद्धतीत ते तळतात जनावराच्या चरबीत. दिसायला बटाटा. तेव्हा विचारून खावं. विचारायला लाजू नये. ॲमस्टरडॅमला त्याच कापांवर शेंगदाण्याची दाट चटणी घालून देतात. ती तिकडे आली कुठून? डच लोकांनी इंडोनेशियावर राज्य केलं, तिथून ती चव घरी आणली. खानदेशी माणसाला परदेशात शेंगदाणा भेटला, म्हणजे मामाच भेटला की!

पॅरिसमध्ये त्याने आयफेल टॉवरवर जेवण घेतलं नाही. खाली बाकावर बसून लांबडा पाव खाल्ला, बागेत्त. पारंपरिक बागेत्तमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि खमीर याशिवाय फारसं काही घालायचं नाही, असा फ्रान्समध्ये १९९३ सालापासून कायदाच आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने ती पाव करण्याची कला जगाच्या वारशात नोंदवली. मला वाटतं, कळण्याची भाकरी थापण्याची कलाही काही कमी नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून ती भाकरी हातावर गोल फिरवून पाहा, मग बोला.

आणि सगळ्यात मोठं आश्चर्य ग्रीसमध्ये! सुट्टीत मित्रांबरोबर अथेन्सला गेला होता. समोर वाटी आली. वांगं विस्तवावर भाजलेलं, साल काढून ठेचलेलं, वर लसूण, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. नाव 'मेलित्झानोसलाता'. नाव उच्चारताना जीभ वळते, पण चव? भरीत! हिरवी मिरची नाही, कांद्याची पात नाही, कपाशीच्या काड्यांचा धुरकट वास नाही, पण भरीतच. त्याने पाव बाजूला ठेवला आणि बोटांनीच खाल्लं म्हणे. डोळ्यांत पाणी आलं हेही सांगितलं, पण ते लसणामुळे, असं त्याचं म्हणणं.

यात नवल नाही. वांगं मूळचं आपल्याकडचं. संस्कृतात 'वातिंगण', त्याचं फारसीत 'बादिंगान', अरबांनी ते पुढे नेलं, स्पेनमार्गे फ्रेंचांकडे पोचता पोचता त्याचं 'ओबर्जिन' झालं. म्हणजे पॅरिसच्या बाजारातली ओबर्जिन आणि एरंडोलच्या बाजारातलं वांगं ही चुलत भावंडं आहेत. मिरची मात्र उलट पाहुणी. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि घरचीच होऊन बसली.

आता पालकांसाठी थोडं. ताई-दादा बाहेर शिकायला निघतात तेव्हा घरात पेटी भरायची एकच घाई. पण युरोपात बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आजीचं साजूक तूप आणि पेढे विमानतळावर काढून घेतले जातात. म्हणून ते घालूच नका. ताजी फळं-भाज्या न्यायच्या तर सरकारी तपासणीचा दाखला लागतो. त्याला अपवाद फक्त पाच फळं : अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि पाचवं कोणतं सांगा पाहू? केळं! जळगाव जिल्ह्यात बसून हे वाचताना मला जो आनंद झाला, तो काय सांगू! पापड, शेव, कोरडी चटणी, मसाला हे सगळं चालतं.

पण मला विचाराल तर पेटीत काही भरण्याआधी मुलाला वरण-भात, एक भाजी आणि भाकरी शिकवा. मुलाला, हो, मुलालाच! मुलींना शिकवायचं कुणी विसरत नाही. बारावीपर्यंत ज्याला चहाचं आधण ठेवता येत नाही, त्याला आपण सहा हजार किलोमीटर दूर धाडतो आणि मग रात्री झोपत नाही. सहावी-सातवीपासून रविवारची एक भाजी त्याच्याकडे द्या. जळली तर जळली. आणि ज्यांना मोठ्यांचं प्रवासवर्णन हवं, त्यांनी पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' काढावं. तेही तिकडे शिकायलाच गेले होते, टेलिव्हिजनचं काम.

आमचा आखेनचा मुलगा परवा आजीशी फोनवर बोलत होता. त्याने विजेच्या भट्टीत वांगं भाजायला ठेवलं, ते आतल्या वाफेने फटकन फुटलं आणि सगळ्या भट्टीभर झालं. आजी हसली नाही. तिने विचारलं, टोचे पाडले होते का? नव्हते पाडले. "वांगाले पहिले टोचे पाड, नही ते फुटी जाई," आजीने सांगितलं. मग काट्याने किती टोचे, किती खोल, हे ती दहा मिनिटं समजावत होती.